सहावी खुंटी

गड्डीगोदामात, रेल्वे पुलाच्या अंगाला आमचं दुकान.
पाटीवर 'हार्मोनियम व बँजो दुरुस्ती'.
त्यातला 'बँ' उन्हानं खाल्ला,
म्हणून नवा माणूस 'जो दुरुस्ती' वाचतो
आणि विचारतो, जो म्हणजे काय.

बँजो म्हणजे आमच्याकडे बटणांचा.
सागाची पेटी, मांडीसमोर आडवी,
पितळी पट्ट्या, वर टाइपरायटरसारखी बटणं.
सारखी कसली, एकात तर बाबांनी खरीच बसवली :
कचेरीच्या लिलावातलं मराठी यंत्र आणून
त्याची अक्षरं दाढेसारखी उपटली.
सा वर 'क', पंचमावर 'ळ'.

तेरा एप्रिलच्या रात्री इंदोऱ्यात
बाबा कव्वालीला साथ करायचे
आणि मी पहिल्या रांगेत बसून त्यांची बोटं वाचायची :
टमळक, टमळक, गद, गद, घ.
बाबांना वाचता येत नव्हतं.
त्यांचा भीमपलास काय लिहितो
हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग एका मे महिन्यात यूनिसबाई आल्या,
अजनीच्या रेल्वे क्वार्टरातून, ऑटोनं,
उशीच्या अभ्र्यात काहीतरी गुंडाळून.
म्हणाल्या, आजोबा इंजिन चालवायचे.
गोंदियाहून परतले की आंघोळीआधी हे.

अभ्रा निघाला.
बाबांनी हात पँटीला पुसले,
जे ते जेवायच्या आधीसुद्धा करत नसत.

कातड्याचं गोल तोंड, भोवती कड्यांची माळ,
पाठ मात्र बंद, लाकडाची, कासवासारखी.
चार तारा वरपर्यंत सरळ जातात.
पाचवी पाचव्या पडद्यापाशी
मानेत शिरते.
आत भुयार आहे, पितळी नळीचं.
आणि पार डोक्यापाशी बाहेर येते,
जसं काही झालंच नाही.
"मायबाप," बाबा म्हणाले, "नरड्यातून गेली थे."

भुयार बुजलेलं.
शेजारच्या सायकलवाल्याचा स्पोक घालून फिरवला
तर मातीचे इवले रांजण गळाले टेबलावर.
कुंभारणीचं घर. केव्हाच सोडलेलं.
एका रांजणात अळी होती, वाळून चुन्याच्या रंगाची.
बाबांनी ती फुंकली नाही,
कागदावर घेऊन बाहेर ठेवून आले.

कातडं त्या उन्हात इतकं ताठ
की वरून माशी चालली तरी ऐकू यावी.
"आत्ता कसू नको. जुलैत सैल पडते, तवा पाहू."

तारा चढवल्या. एकेक कान पिळला.
मग मी मोजलं. खुंट्या सहा.
तारा पाच.
पुन्हा मोजलं.
घोडीवर सहावीची खाच नाही, खाली हूक नाही,
नुसती एक खुंटी, पांढरं बटण, फिरतेसुद्धा.
"तीन-तीनचा सेट येत असंल बाजारात," बाबा म्हणाले,
"पाच कोन देते?"
मी म्हटलं, काढून टाकू का.
"काहून वं? येखांदी खुंटी रिकामी पाह्यजे घरात.
कोनी आलं तं शर्ट कुठी टांगन?"

ऑगस्टात यूनिसबाई आल्या.
कातडं तोवर दोनदा कसून झालं होतं.
त्यांनी तार छेडली नाही, आवाज विचारला नाही.
आधी ती सहावी शोधली, अंगठ्यानं,
न बघता,
आणि गरगर फिरवली.
"आम्हा पोरांना एवढीच पिळायची परवानगी होती,"
म्हणाल्या. "मी अख्खं बालपण सूर लावला याचा."

बाबा हसले नाहीत.
खुर्ची पुढे केली त्यांना.

बिल मी लिहिलं, बाबा सांगत गेले :
तारा पाच. कातड्याची कसणी.
स्पोक एक, तो सायकलवाल्याला द्यायचा आहे.
सहावीचं काय लिहू, मी विचारलं.
त्या अजून फिरवतच होत्या.